ग्लायडरची पिवळी मूठ

मी पिवळी मूठ बोलतेय. तलवारीची नव्हे आणि छत्रीचीही नव्हे. ग्लायडरच्या पुढच्या सीटवर बसलं की डाव्या गुडघ्याजवळ लिंबापेक्षा थोडी मोठी, गोल, पिवळी वस्तू दिसते, तीच मी.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पंख लांबलचक, पोट लहान आणि स्वतःची ताकद काहीच नाही. एकदा वर गेलं की वाऱ्यावर तासन्‌तास तरंगेल, पण वर जायचं कसं? त्यासाठी इंजिन असलेलं एक छोटं विमान पुढे धावतं. त्याच्या शेपटीला लांब दोरी लावलेली असते आणि दोरीचं दुसरं टोक आमच्या नाकातल्या आकड्यात अडकवलेलं असतं. पुढचं उडतं, मागचं त्याच्यामागून उडतं. पुरेशी उंची आली की वैमानिक मला ओढतो. मला जोडलेली तार आकड्याला ओढते, आकडा तोंड उघडतो, दोरीची कडी निसटते. खट्. एवढा एकच आवाज. मग पुढचं विमान एका बाजूला वळतं, आम्ही दुसऱ्या.

बाकीच्या मुठी धरायला असतात, मी सोडायला आहे. लोक म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला कुणी कापडानं झाकलं तर आमची देखभाल करणारे मेस्त्री त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी सतत दिसले पाहिजे, असा नियमच आहे.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथला माणूस साच्यात गरम प्लास्टिक ओतायचा आणि तोंडानं शीळ घालायचा. आम्ही सगळ्या बहिणी एका पत्र्याच्या ताटात गार होत पडलो होतो. खोक्यात भरताना तिथली एक बाई दुसरीला म्हणाली, "रंग बघ कसला भडक. डोळ्यांत घुसतो."

दुसरी म्हणाली, "घाबरलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही गं. हे तरी दिसायला हवं."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. मला वाटलं, आपण शोभेच्या आहोत.

पुढे मला या ग्लायडरमध्ये बसवलं. हे दोघांचं ग्लायडर आहे. पुढच्या सीटला मी, मागच्या सीटला माझी जुळी बहीण. नाकातला आकडा आमचा थोरला भाऊ. लोखंडी, स्प्रिंगवाला, जरा तापट. आमची एकमेकांशी गाठ कधी पडत नाही. मधे तार आहे, तिच्यातूनच काय ते बोलणं.

ग्लायडर इथे क्लबात आलं तेव्हापासून मेस्त्री आमची काळजी घेतात. क्लब म्हणजे गवताचं लांब मैदान, विमानं ठेवायचा पत्र्याचा हँगर, एक टेबल, चहाची किटली आणि खूप गप्पा. रोज सकाळी उड्डाणाआधी मेस्त्री नाकापाशी उकिडवे बसतात आणि कुणालातरी आत बसवतात.

"उघडा."

आतला मला ओढतो.

"सोडा."

आतला मला सोडतो आणि आकडा कडीला मिठी मारतो. मग मेस्त्री दोरी दोन्ही हातांनी धरतात, टाचा गवतात रोवतात, अंगाचं सगळं वजन मागे टाकतात आणि दात आवळून म्हणतात, "आता ओढा!" खट् झालं की मेस्त्री पाठीवर पडतात. रोज पडतात, आधी आमच्या नाकापाशी, मग ओढणाऱ्या विमानाच्या शेपटीपाशी. बघणारे रोज हसतात. पण मेस्त्रींचं म्हणणं असं, की ढिली दोरी कुणीही सोडेल, ताणलेली सुटली पाहिजे.

माणसांची ओळख मला तळहातांवरून होते. एक दाढीवाले दंतवैद्य येतात, त्यांची बोटं थंडगार, आणि ती मला किडका दात धरावा तशी धरतात. एक गृहस्थ बसच्या दांडीला लटकावं तसे मला लटकतात. खरं तर धाव सुरू झाली की डावा हात माझ्याजवळ नुसता टेकवून ठेवायचा असतो. घट्ट धरला तर धक्क्यानं उगाच ओढलं जायचं, लांब ठेवला तर वेळेला सापडायचं नाही. एवढं साधं. पण माणसांना मधलं काही जमत नाही. धरतील तर जीव जाईस्तोवर धरतील, नाहीतर मांडीवर हात ठेवून ढग बघत बसतील.

मला सर्वांत आवडायचा तो धाकट्यांचा हात. धाकटे म्हणजे मेस्त्रींचे धाकटे भाऊ. त्यांची बेकरी आहे. तळहात कोरडा, ऊबदार, रेघांमध्ये कायम थोडं पीठ, आणि अंगठ्याच्या बाजूला भट्टीच्या पत्र्यानं भाजल्याचा गुळगुळीत डाग. पहाटेचे पाव काढून ते थेट मैदानावर यायचे. हात माझ्यावर अलगद टेकायचा, कणिक फुगली का ते बघावं तसा.

आणि पुढचं ओढणारं विमान चालवायच्या वहिनी. म्हणजे मेस्त्रींच्या पत्नी. सगळं मैदान त्यांना वहिनीच म्हणायचं. त्यांचं विमान जाडजूड, घरघर करणारं, म्हणून त्याला सगळे बैल म्हणायचे. "वहिनींकडे दोन बैल आहेत, एक इंजिनवाला आणि एक इंजिनाखाली झोपलेला," असं कुणी म्हटलं की इंजिनाखालून मेस्त्रींचा आवाज यायचा, "हंबरू का?"

वहिनींचा हात मला कधी लागला नव्हता. पण दोरीतून त्या कळायच्या. त्यांची ओढ एकसारखी असायची, हिसका नाही, हेलकावा नाही. घरातलं कर्तं माणूस जसं न बोलता पुढे चालतं, तशी.

आता टोपीचं सांगते. हँगरच्या खिळ्यावर एक जांभळी लोकरीची कानटोपी टांगलेली असायची, वर गोंडा. अण्णांनी ती सुरू केली. अण्णा म्हणजे क्लबचे शिकवणारे, वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठे. नियम असा, की जो धावताना किंवा थोड्याशा उंचीवर उगाच दोरी सोडेल, त्यानं ती टोपी दिवसभर घालायची. भर उन्हात. गंमत म्हणूनच हो. उगाच सोडलं की कारणानं, हे ठरवायचे कोण? तर ज्यांचे पाय जमिनीवर आणि हात कपबशीला, ते.

एकदा धाकटे एकटे उडायला निघाले. बैल धावू लागला, आम्ही मागून, आणि बाजूनं वारा आला. डावा पंख खाली गेला आणि गवताला घासला. अशा वेळी ग्लायडर गर्रकन फिरू शकतं, म्हणून पंख टेकला की सोडायचं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. धाकट्यांनी मला ओढलं. खट्. आम्ही गवतात थांबलो. माझ्या दृष्टीनं काम चोख झालं होतं.

अण्णा लांबूनच ओरडले, "काय हो बेकरी! गवतानं गुदगुल्या केल्या वाटतं?"

"पंख टेकला, अण्णा."

"टेकला कसला, चाटून गेला. घाला, घाला! डोकं लहान आहे, बसेल बरोबर."

सगळे हसले. मेस्त्रीसुद्धा हसले. धाकट्यांनी टोपी घातली आणि दिवसभर ती घालून दोऱ्या ओढल्या, पंख धरून धावले. संध्याकाळी ग्लायडर आत ढकलताना त्यांच्या कानांमागून घाम ओघळत होता. कुणी काही वाईट बोललं नाही. सगळे प्रेमानंच चिडवत होते. पण पुढच्या खेपेला त्यांचा हात माझ्यावर टेकला तेव्हा तो आधीचा हात नव्हता. बोटं जवळ येत होती आणि मागे सरकत होती.

ती दुपार मला विसरता येत नाही.

ऊन तापलं होतं आणि हवा उकळत्या दुधासारखी वर येत होती. धाकटे एकटेच होते, पुढच्या सीटवर. पुढे वहिनी. मैदान मागे पडलं, नदीकाठची झाडं खाली आली. झाडं अजून एकेकटी ओळखू येत होती, इतपतच उंची. डाव्या बाजूची छोटी सरकती खिडकी धाकट्यांनी नीट बसवली नव्हती. ती खडखडायला लागली, मग उघडली आणि वारा शिट्टी मारत आत आला.

धाकट्यांचा डावा हात मला सोडून खिडकीकडे गेला. हाताबरोबर डोळे गेले. आणि डोळ्यांबरोबर, त्यांच्या नकळत, उजव्या हातातला, नाक वर-खाली करायचा दांडा थोडा मागे आला.

खालून गरम हवेचा लोट आला त्याच क्षणी. आम्ही वर उचललो गेलो. धाकट्यांनी खिडकी लावून पुढे पाहिलं, तर पुढे नुसतं आकाश. वहिनींचं विमान आमच्या नाकाखाली गेलं होतं.

पुढचं विमान दिसेनासं झालं की काय करायचं, यावर दोन मतं नाहीत. सोडायचं. शोधत बसायचं नाही. कारण मागचं ग्लायडर फार वर गेलं की दोरी पुढच्याची शेपटी वर उचलते. शेपटी वर म्हणजे नाक खाली. मग पुढचा वैमानिक दांडा छातीपर्यंत ओढेना का, त्याचं विमान डोक्यावर उभं राहून जमिनीकडे निघतं. दोरीत एक कच्ची कडी मुद्दाम ठेवलेली असते, फार ताण आला तर तुटायला. पण शेपटी उचलायला तेवढा ताण लागतच नाही. कडी शाबूत राहते आणि माणूस जातो.

धाकट्यांचा हात माझ्यावर आला. घट्ट आला. बोटं आवळली. मी तयार होते, तार तयार होती, आकडा तयार होता.

आणि हात थांबला.

त्यांनी दांडा पुढे ढकलला, मान उंचावली, काचेला डोकं लावून खाली पाहिलं. दिसेल, आता दिसेल. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, तशी त्यांची गत झाली होती. दोरी मात्र वाट बघत नव्हती. ती खाली खाली वळत गेली, आकडा तिरपा ताणला गेला आणि तारेतून मला त्याचं कण्हणं ऐकू आलं.

पुढच्या विमानातही एक मूठ आणि शेपटीला एक आकडा आहे. मागच्यानं नाही सोडलं तर पुढच्यानं सोडावं म्हणून. वहिनींनी ती ओढली. नंतर त्यांनीच सांगितलं, की ती दगडासारखी घट्ट होती, पायानं रेटा देऊन ओढली तरी हलली नाही. रेडिओवर ओरडायला तिसरा हात नव्हता.

मग ग्लायडरला खालून जोराचा हिसका बसला आणि धाकट्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "वहिनी!" त्यांनी मला ओढलं. ताणामुळे मीही जड झाले होते. त्यांनी दांडा सोडला, दोन्ही हातांनी मला धरलं आणि पाठ सीटला लावून खेचलं.

खट्.

आम्ही मोकळे झालो. धाकट्यांनी ग्लायडर वळवलं तेव्हा बैल दिसला. तो नाक खाली घालून झाडांकडे चालला होता. मग अगदी सावकाश, जड माणूस उंबऱ्यावरून उठतो तसं त्याचं नाक वर आलं. झाडांचे शेंडे त्याच्या वाऱ्यानं लवले. तो झाडांवरून गेला.

आम्ही उतरलो. ग्लायडर थांबलं तरी धाकट्यांनी काच उघडली नाही. हात माझ्यावरच होता. वहिनी उतरल्या, इंजिन बंद केलं, थोडा वेळ चाकाला टेकून उभ्या राहिल्या आणि मग गवतातून चालत आल्या. काच त्यांनीच उघडली.

"भावजी."

"वहिनी, मी..."

"उतरू नका. आधी सांगा. मी दिसेनाशी झाले तेव्हा हात कुठे होता?"

"खिडकीवर."

"आणि मग?"

धाकट्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इथे."

"मुठीवर होता?"

"हो."

"मग ओढली का नाहीत?"

मागून अण्णा धापा टाकत आले. "टोपी आठवली," धाकटे म्हणाले.

"काय आठवलं?"

"टोपी, वहिनी. ती जांभळी. वाटलं, तुम्ही लगेच दिसाल. आणि मी उगाच सोडून खाली गेलो तर..."

वहिनींनी मान वळवून अण्णांकडे पाहिलं.

इतक्यात मेस्त्री बैलाच्या शेपटीकडून आले. त्यांच्या हाताला ग्रीस होतं आणि तोंडाला रंग नव्हता. "हिचा आकडा वरच्या बाजूनं ओढ लागली की उघडतच नाही. अडकून बसतो. मी रोज मागे ओढून बघत होतो गं. वर ओढून कधी बघितलंच नाही."

रोज पाठीवर पडणारा माणूस तो. पण पडायचा सरळ मागे. दोरी वरूनही ओढू शकते, हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

वहिनी खाली गवतात बसल्या. "म्हणजे एकानं टोपी घालायला लावली, एकानं अर्धाच आकडा तपासला आणि एकानं मूठ धरून देवाची वाट बघितली. तिघं मिळून मला पोचवायलाच निघाला होतात की."

कुणी हसलं नाही. त्या उठल्या, अंगावरचं गवत झटकलं. "मी भावजींना ओढणार नाही," म्हणाल्या आणि हँगरकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतःच ती टोपी घालून आले. आपण चुकलो, हे सगळ्यांना दाखवायचं होतं त्यांना. वहिनी म्हणाल्या, "काढा ती, अण्णा. कुणीच घालायची नाही म्हटलं की तुम्हीपण नाही. नाहीतर लोक पुन्हा टोपीकडेच बघत बसतील." अण्णांनी काढली. त्या दुपारी मेस्त्रींनी तिच्यानं बैलाच्या इंजिनाखालचं तेल पुसलं, आणि लोकर तेल चांगलं पिते एवढंच म्हणाले.

बैलाला नवा आकडा आला, कुठल्याही बाजूनं ओढला तरी उघडणारा. मेस्त्रींनी हँगरच्या तुळईवरून दोरी टाकली, बैलाच्या शेपटीला लावली आणि दुसऱ्या टोकाला स्वतः लटकले. अण्णांनी आतून मूठ ओढली. मेस्त्री धप्पकन जमिनीवर. उठले, पुन्हा लटकले. बाजूनं, तिरपे, सगळीकडून. त्या दिवसापासून सकाळची तपासणी अशीच होते.

धाकटे मैदानावर येत राहिले, पण उडत नव्हते. दोऱ्या जोडायचे, पंख धरून धावायचे. एका संध्याकाळी दोघे भाऊ माझी तार तपासत होते.

"तुझी वहिनी घरी बोलते का रे तुझ्याशी?" मेस्त्रींनी विचारलं.

"जेवायला वाढतात. मीठ हवं का विचारतात."

"माझ्याशीही तेवढंच."

"दादा, मी उडणं सोडून देतो."

"ते तिला सांग. मला कशाला सांगतोस, मी तर अर्धा आकडा बघणारा माणूस."

धाकटे थोडं हसले. पण वहिनींना ते काही बोलले नाहीत. लाजाळू माणसाला माफी मागणंसुद्धा आगाऊपणा वाटतो.

बोलल्या त्या वहिनीच. एक दिवस सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाल्या, "मला मागे बसायचंय."

"मागच्या सीटवर?"

"दोरीच्या मागे. इतकी वर्षं ओढतेय, मागून काय दिसतं ते बघितलेलंच नाही. एवढं मोठं विमान डोळ्यांसमोरून नाहीसं होतं म्हणजे काय होतं, ते मला बघायचंय."

त्या पुढच्या सीटवर बसल्या. मागे अण्णा. पुढे बैल चालवायला क्लबातलाच दुसरा वैमानिक. धाकट्यांनी दोरीची कडी आकड्यात अडकवली, ओढून बघितली आणि पंख धरायला गेले. वहिनींकडे त्यांनी पाहिलं नाही.

आणि पहिल्यांदा वहिनींचा हात माझ्यावर आला. पातळ हात, पण बोटांच्या मुळाशी घट्टे. आणि त्यानं मला घट्ट आवळलं. मला नवल वाटलं. दोरीतून असा आवळलेपणा कधी जाणवला नव्हता.

"धरू नका, नुसता टेकवा," अण्णा मागून म्हणाले.

वर गेलो. थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, "अण्णा, एवढीशी दिसते मी?"

"एवढंच दिसतं."

"दोरीला चिकटलेली माशी आहे ही!"

"म्हणून तर सांगतो, नजर हलवायची नाही."

दांडा वहिनींच्या हातात होता, अण्णांचा मागे नुसता सांभाळायला. चांगली उंची आली होती. डावीकडे सूर्य होता, काचेवर त्याची तिरीप आली आणि वहिनींनी डोळे मिटून उघडले. तेवढ्यात लोट आला. माशी नाकाखाली गेली.

"गेलं," वहिनी म्हणाल्या. "अण्णा, दिसत नाही. सोडू?"

अण्णा गरजले, "विचारताय कुणाला?"

खट्.

नंतर उतरेपर्यंत वहिनींचा हात माझ्यावरून निघाला नाही. ग्लायडर थांबलं. पंख धरायला धाकटे पळत आले. वहिनींनी काच उघडली.

"भावजी, मी विचारलं."

"काय विचारलंत?"

"दिसेनासं झालं तेव्हा अण्णांना विचारलं, सोडू का म्हणून. नियम तोंडपाठ, हात मुठीवर, आणि तरी विचारलं. तुमच्यामागे तर विचारायलाही कुणी नव्हतं."

धाकट्यांच्या हातातला पंख हलला. "तुमचा जीव गेला असता, वहिनी."

"गेला असता. ते मी विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नका. पण उद्या पाव लवकर काढा. मी ओढते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी धाकटे आले तेव्हा त्यांच्या बोटांत पीठ तसंच होतं, धुवायलाही थांबले नव्हते. एकटेच बसले. पुढे वहिनी. दोरी ताणली आणि मला ती जुनी, एकसारखी ओढ जाणवली. धाकट्यांचा हात माझ्यावर टेकला होता. जड नव्हता, हलका नव्हता.

नदी ओलांडली. परत मैदानावर वळून येता येईल, एवढी उंची झाली होती. समोरून ढगाचा एक धुरकट तुकडा आला आणि पुढचं विमान पुसट झालं. अगदी नाहीसं झालं की नाही, मला सांगता येणार नाही, गुडघ्याजवळून तेवढं दिसत नाही. दोरीचा ताण तर नेहमीइतकाच होता. पण धाकट्यांनी विचार केला नाही. खट्. वळले, मैदान धरलं आणि उतरले.

टेबलापाशी सगळे उभे राहिले होते. दंतवैद्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. अण्णा किटली घेऊन कप भरत राहिले.

वहिनीही लगेच उतरल्या. चालत आल्या.

"काय झालं?"

"ढग आला. दिसला नाहीत."

"किती वेळ?"

"क्षणभर. कदाचित दिसतही असाल. बहुतेक उगाच सोडलं."

वहिनींनी आकाशाकडे पाहिलं. तो ढगाचा तुकडा विरूनही गेला होता. मग त्यांनी गवतात पडलेली दोरी उचलली, टोकाची कडी पदरानं पुसावी तशी बाहीनं पुसली आणि नाकापाशी वाकल्या. आकड्यात दोरी अडकवायचं काम त्यांचं नव्हे, पण त्यांनीच केलं.

"उघडा, भावजी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर धाकटे किती वेळा उडाले, मला मोजता येत नाही. एकदोनदा पुन्हा लवकर सोडून खाली आले. दंतवैद्यही एकदा आले. प्रत्येक वेळी कुणीतरी दोरी उचलून आणली.

माझा पिवळा रंग आता एका बाजूनं उडालाय, जिथे बोटं टेकतात तिथे. मधे एक बारीक चीरही आहे. मेस्त्री म्हणत होते, तार बदलताना मूठही नवी बसवू, ही आता थकली. थकले नाही, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार? नवीला काही शिकवायला नको, तिचं काम तिला जन्मतः येतं.

सांगायचं आहे ते तुम्हाला. तुमच्यातलं कुणी कधी वेळेआधी सोडून खाली आलं, तोंड बारीक करून गवतात उभं राहिलं, तर काय झालं ते जरूर विचारा. पण हसत विचारू नका. आणि त्याचं सांगून झालं, की दोरी त्याच्याकडे तुम्हीच घेऊन जा.